शून्य आणि रिकामा रकाना

बेबीताईंच्या दारात पंचवीस किलोचा टांगता काटा आहे. येणाऱ्याची पिशवी आधी त्यावर चढते. सोबत मूल असेल तर तेही झोळीत बसतं. माझ्या भाच्याचं दप्तर त्यांनी तोललं आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहायला मला बसवलं. कलिंगडवाला तर आमच्या गल्लीत यायचाच बंद झालाय.

बाई मूळच्या बेलपाड्याच्या. आयुष्यभर अंगणवाडी सेविका, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वाद घालायला गेलं की एकच वाक्य: "तुमी नका बोलू. काटा बोलेल."

त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात तांदळाचं पोतं आहे. दर एक तारखेला त्यात पाव किलोची भर घालतात, पोतं तोलतात, दारामागे पेन्सिलीने आकडा लिहितात. त्यातला दाणा कधी शिजत नाही. विचारलं तर, "तुमचं काम नाय." म्हातारपणची साठवण, असं मी धरून चाललो.

परवा एक तारखेला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी एक फॉर्म भरून दिला. 'शाश्वत विकास: आपला वॉर्ड किती पुढे?' झाडं, कचरा, पाणी, सगळं स्वतः मोजलेलं. दिव्याचे खांब तर दोनदा. 'परिसरातील कुपोषित बालके' इथे शून्य. फॉर्म न्यायला आलेला पालिकेचा मुलगा खूश झाला. त्याने मोठ्याने वाचलं. बेबीताई पायरीवर शेंगा सोलत होत्या.

"सेक्रेटरी, शून्य कोनी मोजलं?"

"ताई, आपल्या सोसायटीत कुठून असणार?"

"आनि भिंतीपल्याड?"

भिंतीपलीकडे टॉवर उठतोय. पत्र्याच्या खोल्यांत कातकरी मजूर राहतात.

"ते तात्पुरते आहेत मावशी," मुलगा म्हणाला. "यादीत नसतात."

"भूक पन तात्पुरती हाय का रं त्यांची?" मग माझ्याकडे वळून, "मोजलं आनि नाय सापडलं, तर शून्य. मोजलंच नाय, तर रकाना रिकामा. खांब बरे दोनदा मोजता."

मी संतापलो. आधी त्यांच्यावर, परक्यासमोर बोलल्या म्हणून. मग त्या फॉर्मवर, ज्याला खांब दिसतात आणि खांबाखाली खेळणारं मूल दिसत नाही. शेवटी स्वतःवर. पेट्रोल भरताना मीटरवरून नजर न हलवणारा मी, न मोजता आकडा लिहून बसलो होतो. शून्य खोडलं.

"काका, रिकामा रकाना सिस्टिम घेत नाही."

"मग ऱ्हाऊ दे तुझी सिस्टिम उपाशी," ताई म्हणाल्या, "आनि काटा उचल."

भिंतीपलीकडे जाऊन परांचीच्या बांबूला काटा टांगला. मुलांना झोळीत बसवून ताई वजन सांगत होत्या, मी लिहीत होतो. सात मुलं, त्यांतली तीन वजनाच्या तक्त्यातल्या लाल रेघेखाली, म्हणजे कुपोषित. रकान्यात तीन लिहिलं. फॉर्म घेऊन निघताना त्या मुलाचा चेहरा पडला होता. पडू दे.

परतल्यावर ताईंनी काटा दारात अडकवला आणि पोत्यात पाव किलो तांदूळ ओतले. मी पोतं टांगून दिलं. काटा पंचवीसला जाऊन थटला.

दारामागच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं: सुमी, सात किलो.

"दोन वर्षांची व्हती. लाल रेघेखाली," ताई म्हणाल्या. "आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेली. वरून सांगितलं, गाव सोडलं, नाव काप. मी कापलं. अंगणवाडीत एक पन लाल उरलं नाय. निवृत्तीला मना प्रमाणपत्र दिलं, शंभर टक्के." त्यांनी दारामागची पेन्सिल हातात घेतली. "परत काय दिसली नाय."

मी मनात हिशेब केला. सात किलो, वर सहा वर्षं एक महिना, म्हणजे त्र्याहत्तर वेळा पाव किलो. सव्वापंचवीस. बरोबर होता.

"या काट्यावर नाय मावत आता," ताई म्हणाल्या. "वाढली पोर."

मी पोतं दोन्ही हातांनी धरून हळूच खाली उतरवलं.