जे दोनदा असेल ते काढा

आवराआवरी करावी ती मीच! उभी हयात मुलांना शिकवण्यात गेली. कोणाच्या दप्तराच्या तळाशी तुटका कंपास लपलाय, हे मी दप्तर नुसतं उचलून सांगत असे. तेव्हा सूनबाईच्या फोटो स्टुडिओचा पसारा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

तुम्हाला सावकाश समजावून सांगतो. सूनबाई काढते ते सगळे फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर असतात. त्यांची एकेक प्रत इंटरनेटवरून एका कंपनीकडे चढवलेली असते. त्या जागेचं कंपनी दरमहा भाडं घेते, आणि ते भाडं मारुतीच्या शेपटासारखं वाढत चाललं होतं.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "कंपनीकडे फार पसारा झालाय. जे दोनदा असेल ते काढून टाकाल का? मग छोटा प्लॅन घेता येईल."

"काळजीच सोड, बाळ!"

मी चष्मा पुसून बसलो. पेपर तपासावेत तसं तपासलं. एक नजर कंपनीकडच्या फोटोंवर, एक कॉम्प्युटरवरच्या. आणि काय सांगू! कंपनीकडचा प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर होताच! एकही वेगळा नाही! म्हणजे इतकी वर्षं आपण नुसत्या नकलेचं भाडं भरत होतो! परीक्षेतल्या कॉपीबहाद्दरांवर तुटून पडायचो, तसा तुटून पडलो. सगळं साफ! प्लॅनही सगळ्यात छोटा करून टाकला.

रविवारी चिरंजीव बायकोला मदत करायला दुकानात गेले. मदत म्हणजे बहुतेक वेळा खुर्ची अडवणं. सूनबाई त्याला म्हणाली, "कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालतोय. जे कंपनीकडे चढवलंय ते इथून काढ ना." त्याने तेवढंच केलं. आज्ञाधारकपणा आमच्या रक्तातच आहे!

सोमवारी आम्ही तिघंही दुकानात असताना बेकरीवाले आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो सूनबाईनेच काढले होते.

"फोटो पेनड्राइव्हवर द्या, ताई. पोरगी आणि जावई आज संध्याकाळच्या विमानाने निघालेत. आजीबरोबरचा फोटो तेवढा आठवणीने घाला. आमची आई लग्नानंतर महिनाभरातच गेली. दोघींचा तो एकच फोटो आहे."

सूनबाईने कॉम्प्युटरवर पाहिलं. रिकामं! कंपनीकडे पाहिलं. तिथे तर झाडून सारवून ठेवल्यासारखं!

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काय काढलंत?"

"जे दोनदा होतं ते!"

"कुठे दोनदा?"

"एकदा तिथे, एकदा इथे!"

"अहो बाबा, त्यालाच बॅकअप म्हणतात!" ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू?"

"तिथे सगळं असतंच, म्हणून इथून काढलं."

"पण तिथे काहीच नव्हतं!"

"मग बाबांनी सांगायचं नाही का?"

"कॅमेऱ्यातल्या कार्डावर असतील," मी सुचवलं.

"त्यावर आता एका बाळाच्या जांभया आहेत," सूनबाई म्हणाली.

"काही अडचण आहे का?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"छे छे! बसा ना!" मला जे येतं तेच मी केलं. शिकवायला लागलो. "बॅकअप म्हणजे काय, सांगा पाहू?"

"मास्तर, मला फोटो हवेत."

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एक गोड आवाज आला. "घाबरू नका, सर. काढलेलं सगळं महिनाभर कचरापेटीत राहतं. पेटी रिकामी केली नाहीत ना?"

माझी मान ताठ झाली. "म्हणजे काय! अहो, कचरापेटी रिकामी केल्याशिवाय मी कधी वर्गाला कुलूप लावलं नाही!"

तो आवाज म्हणाला, "सॉरी सर. आता काही करता येणार नाही."

सूनबाई पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर मटकन बसली. पासपोर्टच्या फोटोलाही कोणी इतकं गंभीर बसत नाही. बेकरीवाले खिशातला रुमाल उगाच चाचपत होते. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आणि सूनबाईने एकदम मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं.

"कॉम्प्युटरवरची कचरापेटी तू रिकामी केलीस?"

चिरंजिवांनी डोकं खाजवलं. हा मुलगा! लहानपणापासून याच्या टेबलाखालची टोपली ओसंडून वाहायची. मी समजावलं, रागावलो, पालथ्या घड्यावर पाणी!

"राहिलंच," तो म्हणाला.

"म्हणूनच अजून गोगलगाय चाललीय!" सूनबाई ओरडली आणि कॉम्प्युटरवर झेपावली. एक क्लिक, आणि अख्खं लग्न परत आलं! आजीने नातीचा गाल धरलेला, डोळे मिटलेले, हसू अर्धवट. बेकरीवाले बराच वेळ पाहत राहिले. "हाच," एवढंच म्हणाले.

मोठा प्लॅन त्याच दिवशी परत घेतला. वर एक वेगळी हार्ड डिस्कही आणली, तिच्यावर आणखी एक प्रत! खर्च कमी करायला गेलो होतो, याची कृपा करून कोणी मला आठवण करून देऊ नका.

संध्याकाळी आमची ही म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरातली बादली भरलीय. तेवढा कचरा टाकून या."

दारातच चिरंजीव आडवे आले. "बाबा, टाकताय खरं, पण तुमच्या सूनबाईला विचारलंत?"

"कचऱ्याचं काय विचारायचं, गाढवा!" मी गरजलो आणि ताठ मानेने जिना उतरलो. वळणावर कोणी बघत नाही याची खात्री केली, बादलीचं झाकण उघडलं आणि तळापर्यंत सगळं चिवडून पाहिलं.