चौदा धर्मबापांचा गोबरगॅस

कोणतीही वस्तू जन्माला येते ती करणाऱ्याच्या हातून. पण समाजात तिला मान मिळतो तो धर्मबापामुळे, म्हणजे तिचा खर्च उचलून मिरवणाऱ्या पाठीराख्यामुळे. टिटिकाका सरोवराकाठच्या वाराकोला गावात (लोकवस्ती एकशे बारा, समित्या नऊ) हे सत्य इतकं मुरलेलं आहे की शाळेचा फळा, फुटबॉल संघाचे मोजे आणि लग्नाच्या केकचा वरचा मजला, यांपैकी एकही वस्तू तिथे अनाथ नाही. साहजिकच, दोन्या (म्हणजे श्रीमती) हिलारिया कोल्के यांच्या अंगणात गोबरगॅस बसवायचं ठरलं तेव्हा खड्डा खणण्याआधी समिती नेमली गेली. अध्यक्षपदी हिलारियाचे यजमान, श्रीयुत आनाक्लेतो.

हिलारियाची अपेक्षा तशी फारच किरकोळ होती. एकतीस वर्षं ती लामा नावाच्या जनावराच्या लेंड्या आणि गोवऱ्या जाळून सूप रांधत आली होती. खोकला असा की शेजारची सबीना त्यावरून वेळ ओळखायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धूर टाळा, नाहीतर डोळे जातील. "मला एकदा न रडता सूप ढवळायचंय," असं ती पहिल्या सभेत म्हणाली. हे म्हणणं इतिवृत्तात 'आयत्या वेळचे विषय' या सदरात नोंदवण्यात आलं.

प्रकल्पाचे इंजिनिअर एफ्राइन यांनी तांत्रिक माहिती दिली. सात मीटरचा चर, त्यात जाड प्लास्टिकची लांबुळकी पिशवी, ऊब धरायला दोन्ही बाजूंना मातीच्या विटांच्या भिंती, वर प्लास्टिकचं छप्पर. रोज वीस किलो शेण पाण्यात कालवून घालायचं. आत जंतू वाढतात, तेच गॅस करतात. इथल्या थंडीत त्यांना नव्वद दिवस लागतात. समितीने या माहितीचं टाळ्या वाजवून स्वागत केलं आणि उद्घाटन आठव्या दिवशी ठेवलं. (उपमहापौरांना तोच दिवस मोकळा होता. जंतूंची सोय पाहण्याची तरतूद नियमांत नाही.)

मग धर्मबाप नेमले. खड्ड्याचा एक, पिशवीचा एक, शेण घालायच्या नळीचा एक, मळी बाहेर येते त्या नळीचा एक (त्याने तीन दिवस अबोला धरला), आणि असेच पुढे. काडेपेटीच्या मानासाठी दोघे भाऊ हातघाईवर आले, म्हणून एकाला पेटी दिली आणि दुसऱ्याला काड्या. एकूण धर्मबाप चौदा, गायी तीन. दर गायीमागे चार पूर्णांक सदुसष्ट शतांश धर्मबाप हे प्रमाण समितीच्या मते समाधानकारक होतं.

उद्घाटनाला बँड होता, बिअर होती, कागदी फुलं होती. आता वाराकोलात कोणतीही नवी वस्तू पाचामामाला, म्हणजे धरणीमायला, घोट पाजल्याशिवाय वापरत नाहीत. घराच्या कोपऱ्यावर चार थेंब, ट्रकच्या चाकावर चार थेंब. गोबरगॅसला मात्र उघडंच तोंड होतं. मग बाहेर शिंपडून धरणीमायचा अपमान कोण करणार? पहिल्या धर्मबापाने नळीत बूचभर कडक दारू ओतली. दुसरा काही कंजूष नव्हता. त्याने अर्धी बाटली ओतली. पाचव्यापासून बाटल्या उपड्या झाल्या. चौदावा कॅन घेऊनच आला होता.

"अहो, आत काहीतरी जिवंत असतं असं म्हणाले होते ना साहेब?" हिलारियाने नवऱ्याची बाही ओढली.

"असेल की! मग सणासुदीला त्यांनी कोरडंच राहायचं का?" अध्यक्ष म्हणाले.

उपमहापौरांनी अकरा काड्या ओढल्या. शेगडी पेटली नाही. बाराव्या काडीच्या आधी कुणीतरी शेगडीत दारूत भिजवलेला कापूस ठेवला. ज्योत उत्तम आली, फोटोही उत्तम आला. अहवालात यश शंभर टक्के आहे.

आठवड्याने एफ्राइन आले. त्यांनी मळीचा वास घेतला आणि टोपी काढली.

"दोन्या हिलारिया, जंतू गेले."

"सगळे?"

"बसले ते उठलेच नाहीत."

त्या दिवशी हिलारिया धुराशिवाय रडली. समितीलाही वाईट वाटलं. समितीने तातडीची सभा घेऊन निष्कर्ष काढला की चौदा धर्मबाप कमी पडले. गॅसची चिन्हं दिसताच दुसरं उद्घाटन अठ्ठावीस धर्मबापांच्या उपस्थितीत करावं, असं एकमताने ठरलं.

एफ्राइननी हिलारियाला बाजूला घेतलं. "पिशवी रिकामी करा, ताजं शेण भरा. दुसऱ्या गावच्या चालू पिशवीतली चार पिंपं मळी मी विरजणाला आणून देतो. आणि बाई, कुणाला बोलू नका."

हिलारिया आणि सबीना दोघींनी मिळून पिशवी उपसली, भरली.

"नवऱ्याला तरी सांगशील ना गं?" सबीनाने विचारलं.

"सबीना, तो अध्यक्ष आहे."

दोन महिन्यांनी, बँडशिवाय, शेगडीवर निळी ज्योत आली. हिलारिया तिच्याकडे नुसती बघत बसली. मग तिने सूप ढवळलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. (लग्नाला धर्मबाप एकोणीस होते.)

दुसरं उद्घाटन टाळण्यासाठी ती आता रोज सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात दोन गोवऱ्या पेटवून ठेवते आणि स्वतः वारा येतो त्या बाजूला उभी राहते. धूर गावाला दिसतो. समिती नोंद करते : 'काम प्रगतिपथावर.'

श्रीयुत आनाक्लेतो गेले चाळीस दिवस हे सूप जेवताहेत. परवा त्यांनी चमचा खाली ठेवला.

"हल्ली चव बदलली गं. काहीतरी कमी आहे."

"मीठ असेल," हिलारिया म्हणाली. त्यांनी मीठ घातलं आणि ते सभेला गेले. स्वयंपाकघरात काही डोकावले नाहीत.

तुम्ही अध्यक्षांना हसताय, उत्तम. हे वाचता वाचता तुमच्याही हाताशी चहा आला असेल. तो कशावर उकळला, कुणी, आणि डोळे चोळत की न चोळता, हे बघायला तुम्हीही उठला नाहीत. संकोच नको. दुसऱ्या उद्घाटनासाठी चौदा जागा अजून भरायच्या आहेत.