धोंडाबाईचं डबकं आणि परदेशी पाहुणा

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना इंग्रजी येत होतं. म्हणजे येत नव्हतं. पण येत नाही असं म्हणायची तिथे पद्धत नव्हती. समोरचा इंग्रजीत काही बोलला की मान हलवायची, किंचित हसायचं आणि "एक्झॅक्टली!" म्हणायचं. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या निभावल्या. हसताय काय? तुमच्या घरी विचारून बघा.

त्या जंगलात कोल्हे सरांचा क्लास होता. इंग्रजी वाक्प्रचारांचा. सर वाक्प्रचार सांगायचे, विद्यार्थी घोकायचे. अर्थ सांगायची वेळ आली की नेमका तास संपायचा. ससा पास झाला, तरस पास झालं. खुद्द पट्टेराव महाराज पहिले आले. महाराज वाघ होते, त्यामुळे दुसरा कोण पहिला येणार?

एकटी धोंडाबाई म्हैस क्लासला गेली नाही. तळ्याकाठचं चिखलाचं डबकं हेच तिचं जग. दुपारभर नाकापर्यंत चिखलात बसायचं, रवंथ करायचा. अगदी सुखी बाई.

थंडी पडली की त्या तळ्यावर लांबच्या मुलखातून राजहंस उतरायचे. त्या वर्षी त्यांचा म्होरक्या हॅन्सन साहेब काही कामासाठी महाराजांना भेटायला आला. झालं! लगेच तळ्याकाठी सभा भरली. "हॅलो! वेलकम! हाऊ डू यू डू!" असा एकच गलका उठला.

हॅन्सन साहेबाने मान ताठ केली. "वेल, लेट्स नॉट बीट अराउंड द बुश."

सगळ्यांनी माना हलवल्या. झुडपात राहणारा ससा जरा मागे सरकला, पण मान त्यानेही हलवली.

"वी आर ऑल इन द सेम बोट."

"एक्झॅक्टली!" तरस म्हणालं. त्याने जन्मात होडी पाहिली नव्हती.

"सो प्लीज, डोन्ट थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर."

इथे महाराजही गडबडले. त्यांनी हळूच कोल्हे सरांकडे पाहिलं. "सर, आम्हाला समजलंच आहे म्हणा. पण प्रजेसाठी जरा मराठीत सांगा."

कोल्हे सर पुढे आले. वाक्य त्यांनी शिकवलेलं होतं, पण तास संपला होता ना! त्यांना फक्त 'बाथ' आणि 'आउट' कळलं. आता या जंगलात दिवसभर पाण्यात बसणारी एकच. सरांनी घसा खाकरला. "महाराज, पाहुणे म्हणतात, त्या डबक्यातल्या बाईला बाहेर काढा. त्यांना ते डबकं हवंय."

"एक्झॅक्टली!" सभा म्हणाली.

"मंजूर!" महाराज म्हणाले.

डबक्यात बसलेल्या धोंडाबाईने ते ऐकलं. अहो, डबकं गेलं तर म्हशीने उन्हाळ्यात जायचं कुठे? कातडी भाजून निघायची, गोमाश्या जीव नकोसा करायच्या. ती तशीच निथळत सभेत घुसली आणि थेट पाहुण्यासमोर उभी राहिली.

"काय हो दादा, म्हणजे काय?"

सगळ्या सभेने जीभ चावली. "अगं बाई, असं विचारतात का?" तरस कुजबुजलं. "अब्रू घालवलीस जंगलाची!"

पण राजहंसाचा चेहरा असा काही खुलला! "बाई, मराठीत बोललात तुम्ही!" तो चक्क मराठीत म्हणाला. "दर थंडीला येतो मी. चांगलं मराठी येतं मला. पण मी चोच उघडायच्या आत हे सगळे इंग्रजी सुरू करतात. मग मलाही करावं लागतं."

"ते असू दे. ते शेवटी 'बाथवॉटर' की काय म्हणालात, ते काय?"

राजहंसाने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "खरं सांगू? मलाही माहीत नाही. उडताना आमच्यातला पुढचा ओरडतो, मागचे तेच ओरडतात. तसं पाठ झालंय."

"अरे देवा! मग काम काय होतं तुमचं?"

"यंदा आमचा थवा मोठा आहे हो. तळ्यातलं ते बेट थंडीपुरतं मिळेल का, एवढंच विचारायचं होतं."

"घ्या की! तिथे जातंय कोण? आणि माझं डबकं?"

"शी! चिखलात कोण बसणार?"

धोंडाबाईला इतका आनंद झाला की तिने ते 'शी' मनावरच घेतलं नाही. महाराजांना नमस्कार करून ती माघारी गेली आणि धपकन डबक्यात बसली.

इकडे सभेत ससा पुढे सरसावला. "बघितलंत? बाईने परदेशी पाहुण्याला उलट प्रश्न केला, आणि त्याने इंग्रजी सोडून दिलं! केवढं जबरदस्त इंग्रजी असेल तिचं!"

सगळ्यांना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हे सरांच्या क्लासबाहेर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर नाकापर्यंत चिखलात बसलेली, हार घातलेली धोंडाबाई. खाली मोठ्या अक्षरांत, 'आमची गुणवंत विद्यार्थिनी! पहिल्याच प्रश्नात परदेशी पाहुणा निरुत्तर!' प्रवेशासाठी रांग पार डबक्यापर्यंत आली, आणि धोंडाबाईला पाय पसरायला जागा उरली नाही.

तात्पर्य : मुलांनो, समजलं नाही तर 'म्हणजे काय?' असं चुकूनही विचारू नये. विचारलं की बोलणाऱ्यालाही समजलेलं नसतं हे उघडं पडतं, दोन मिनिटांत काम होऊन जातं, आणि भरलेली सभा वाया जाते. आणि हो, पाहुणा मराठीत बोलू लागलाच, तर त्याला ताबडतोब इंग्रजीत उत्तर द्यावं. बिचाऱ्याला आपण महाराष्ट्रात आल्यासारखं वाटायला नको का?