मार्फत म्हैस

आमचे शेजारी डोमाजी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी म्हशीमार्फत बोलत.

अड्याळला विणकरांच्या गल्लीत दोघांची घरं एकाच भिंतीला टेकलेली. भाचीच्या लग्नात वांग्याची भाजी डोमाजींना खारट लागली, लक्ष्मणला अळणी. तेवढ्यावरून अबोला पडला. मधे आणीबाणी आली आणि गेली, अबोला कायम. डोमाजींना ना बायको उरलेली, ना मूलबाळ. घरात माग आणि दारात ती म्हैस. तिच्या पाठीवर हात टाकून ते गर्जत, "ए म्हशी, त्याले सांग, आभाळ भरून आलं, सूत आत घे म्हणा!" पलीकडून लक्ष्मण, "म्हशी, मले डोळे आहेत म्हणा!" त्या म्हशीनं भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली केली असती, तर एक खटला हरली नसती.

एका रविवारी गल्लीनं साकोलीपुढच्या डोंगरातला धबधबा पाहायचं ठरवलं. "दुसरा येत नाही," असं दोघांनाही सांगून मी दोघांना बसमध्ये कोंबलं. म्हैस घरी राहिली, तिची नोकरी माझ्या गळ्यात. चढणभर मी मधे. "मास्तर, त्याले म्हणा, शेवाळ आहे." "मास्तर, त्याले म्हणा, आपलं धोतर सांभाळ."

वर पाणी असं कोसळत होतं, की स्वतःच्या मनातलंही ऐकू येईना. माथ्यावरून खाली चुलबंद नदी दिसते. ती पाहायला लक्ष्मण थेट कडेच्या खडकावर. डोमाजी माझ्या कानात ओरडले, "त्याले म्हणा, मागं हो!"

"काय?"

"मागं हो म्हणा!"

"कोण, मी?"

तेवढ्यात लक्ष्मणचा पाय सटकला. डोमाजींनी मला काडीसारखं भिरकावलं. "लखूऽऽ! मुळी धर, लखू!" त्या आवाजानं धबधबा क्षणभर जागच्या जागी थांबला. शपथेवर सांगतो. लखूनं कडेच्या झाडाची लोंबती मुळी धरली, डोमाजींनी पालथं पडून त्याचं मनगट धरलं, मी डोमाजींचे पाय, आणि अख्ख्या गल्लीनं माझे. आला एकदाचा वर!

"काहून बे, मराले आला होतास?" डोमाजींनी त्याला दोन धपाटे घातले, आणि त्याच हातानं त्याचं डोकं पुसू लागले.

लखू एवढंच म्हणाला, "भाऊ, चपला गेल्या ना."

डोमाजींनी आपल्या काढून पुढं सरकवल्या. जीव भांड्यात पडला आणि आम्ही सगळे खुळ्यासारखे हसत सुटलो.

उतरताना ते दोघे पुढं, मी मागं. वाटलं, आता तुंबलेलं सगळं बोलतील. कुठलं काय! फक्त वाटेत बोरीची फांदी आडवी आली की अनवाणी डोमाजी ती हातानं धरून ठेवत, लखू पार होईपर्यंत. मग सोडत. ती सप्पकन माझ्या तोंडावर. दोनदा खाल्ली. तिसऱ्यांदा ओरडणारच होतो, पण पुढं झुडूप दिसलं आणि डोमाजींचा हात आधीच लांब झालेला. मी गुपचूप चार पावलं मागं राहिलो.