दोन्ही बाजूंचे तात्या

समोरच्या वकिलाचं म्हणणं ऐकता ऐकता त्यालाच मान डोलावणारा वकील तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. श्रीगोंद्याच्या कोर्टाबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो आणि तात्या पेडगावकर माझ्या शेजारच्याच घरात राहायचे, त्यामुळे अगदी पोटभर पाहिलाय. बांधाचं भांडण असो की विहिरीचं, तात्या अशिलाची बाजू अशी तावातावानं मांडायचे की वाटावं, जिंकलंच आता. मग समोरचा बोलायला लागला की यांची मान हलायला लागायची. "त्यांचंही खरं आहे," एवढं तोंडातून निसटलं की अशील कपाळाला हात लावायचा.

बाजारातही तेच. वांगी महाग म्हणून बाईशी हुज्जत घालायची, तिनं लांबून पाणी आणावं लागतं असं सांगितलं की मुकाट्यानं पिशवी पुढं करायची, आणि वर मलाच सुनवायचं, की तिनं काय करावं बिचारीनं! असल्या माणसाकडं अशिलं कोणती येणार? ज्यांना दुसरा कुणी वकील दारात उभं करत नाही, ती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. फुकटच्या खटल्यांना वेळच वेळ होता.

असाच निरुबालेचा खटला आला. बांगलादेशच्या लढाईत घर जळालेली ही चाळिशीची बाई. कलकत्त्याकडच्या निर्वासितांच्या छावणीतून निघाली, गर्दीत भलत्याच गाडीत बसली आणि गाड्या बदलत बदलत विसापूर स्टेशनात उतरली. तिथंच का उतरली, ते तिलाही सांगता येईना. एका बंगाली गार्डानं तिची हकिकत समजावून सांगितली, तेव्हा कळलं की नवरा, पोरं, कुणीच उरलं नव्हतं. जवळच्या वस्तीनं तिला ठेवून घेतलं. शेण्या थापायला आणि बायकांची पोरं सांभाळायला ती शिकली. लढाई संपली आणि हुकूम निघाला, की निर्वासितांनी आता आपापल्या गावी परत जायचं. मामलेदारांचं बोलावणं आलं.

तात्यांनी वकीलपत्र घेतलं. वस्तीवर जाऊन सगळ्यांना सांगून आले, की साहेबांपुढं जास्त पाल्हाळ लावू नका, बाई आमच्यातली आहे एवढंच म्हणा. झालं! वस्तीनं ते फारच मनावर घेतलं.

सुनावणीला अर्धी वस्ती कचेरीत हजर. पहिला गडी पुढं येऊन म्हणाला, "सायेब, ही माजी सख्खी आत्या हाय." दुसऱ्यानं ती मेव्हणी असल्याचं सांगितलं. एका म्हातारीनं तर देवाशपथ नणंद म्हणून जाहीर केलं. मामलेदारांनी डोकंच धरलं. याची आत्या, तर त्याची मेव्हणी कशी, आणि या सगळ्यांची असेल तर बंगालीत का बोलते? यावर खरं नातं कुणाचं म्हणून वस्तीतच जुंपली. हसावं की रडावं मला कळेना. तात्यांनाही कळेना, ते एकदा भाच्याकडं, एकदा मेव्हण्याकडं टकामका बघत राहिले.

मामलेदार माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तात्यांना शांतपणे विचारलं, की तिकडं तिची भाषा आहे, मुलूख आहे, आता राज्यही तिचंच आहे. इथं तिची जन्माची हमी घेणारं एक तरी माणूस आहे का? आणि तात्यांची मान हलायला लागली. आता हे नेहमीचं बोलणार आणि बाई जाणार, कुणी नसलेल्या गावात एकटी.

निरुबालेला बोलणं समजत नव्हतं, पण ती मान समजली असावी. ती उठली, तात्यांच्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या काळ्या कोटाची बाही घट्ट धरली. तात्यांची मान जागच्या जागी थांबली.

"वकीलसाहेब, ही तुमची कोण?" मामलेदारांनी विचारलं.

"बहीण," तात्या म्हणाले. "धाकटी. हमी माझी."

आणखी एक नातं! मामलेदारांनी हात जोडले. वरून निर्णय येईपर्यंत बाईनं इथंच राहावं, असं लिहून टाकलं. वरून काही आलं नाही.

त्या साली दुष्काळानं दिवाळी कसली ती नव्हतीच. तरी भाऊबीजेला निरुबाला वस्तीवरून चालत आली. तात्यांना पाटावर बसवलं, चंदन उगाळलं आणि तिच्या मुलखाच्या रीतीनं डाव्या हाताच्या करंगळीनं त्यांच्या कपाळाला टिळा लावला. माझी बायको दारातून बघत होती. तिच्या तोंडून गेलंच, की अगं बाई, डाव्या हातानं कुठं लावतात का, अशुभ ते! निरुबाला गोंधळली. चुकलं काहीतरी, एवढं तिला कळलं आणि तिनं हात पदराखाली लपवला.

तात्यांचे डोळे वाहत होते. टिळ्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "आमच्यात डाव्याच हातानं लावतात."