दिघेकाकांचं धुळ्याचं विमान

आमच्या खालच्या मजल्यावरचे दिघेकाका कॉम्प्युटरला अहोजाहो करतात. "उघडा हो जरा", "अहो, किती वेळ लावाल?" असं सगळं मर्यादेत चालतं. पण भांडण पेटलं की काका अरेतुरेवर येतात आणि मग कोलकात्यातल्या आमच्या अर्ध्या बेहाला भागाला कळतं, की आज पुन्हा विमान अडलं.

मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. नाशिकहून बदली होऊन कोलकात्याला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. मी फोनवर आईशी बोलत होते. फोन संपायची वाट न बघता काका म्हणाले, "मराठी? छान. काय करता? कॉम्प्युटर? मग चला खाली."

दिघ्यांची ही कोलकात्यातली तिसरी पिढी. काकांचं मराठी पुस्तकी, राग मात्र बंगालीत. "धुर बाबा!" म्हणजे नुसती सुरुवात. सगळी नोकरी फोर्ट विल्यमच्या बाजूला, लष्कराच्या हिशेब कचेरीत झाली. नियम असा आहे म्हटलं, की काका विचारणार, "कोण म्हणतो?" साहेब नाही म्हणाले, "कोण म्हणतो? लेखी आणा." भाजीवाला कारली कोवळी आहेत म्हणाला तरी "कोण म्हणतो?" आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हाही, डॉक्टरांच्या तोंडावर, "कोण म्हणतो?"

निवृत्तीनंतर ते विमान चालवायला लागले. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. पण तसं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दमदमच्या विमानतळावरून उड्डाण करत. छोटं, एका पंख्याचं विमान. जायचं धुळ्याला. प्रवास झटपट पुढे सरकवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये आहे, पण काका तिला हात लावत नाहीत. "खरा वैमानिक घड्याळ पळवतो का?" त्यामुळे नागपूर येईपर्यंत जेवणाची वेळ व्हायची, मालतीकाकू पानं घ्यायच्या आणि काकांना उठावं लागायचं. उठताना प्रवास आहे तिथे साठवून ठेवावा, तर पडद्यावर पाटी यायची: या फोल्डरमध्ये लिहिण्याची तुम्हाला परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दमदम.

"कधीपासून हा माणूस नागपूरहून जेवायला घरी येतोय," काकू मला म्हणाल्या.

"काका, तुमचं मूळ गाव वाई ना? मग धुळं कशाला?" मी विचारलं.

"धुळ्याला काय वाईट आहे?" विषय संपला.

परवानगी नाही, हे काकांनी मान्यच केलं नव्हतं. एकदा विमान हवेत ठेवून त्यांनी ताट तिथेच मागवलं. काकू म्हणाल्या, जेवण टेबलावरच मिळेल. काका उठेनात. काकूंनी शांतपणे जाऊन मेन स्विच बंद केला आणि गोंदियाच्या जरा पुढे विमान आकाशातून नाहीसं झालं. त्या घरात मग अबोला झाला, तो पोस्तोच्या, म्हणजे खसखशीच्या, भाजीवर मिटला. नाक्यावरचे दुरुस्तीवाले बिश्वासबाबू येऊन गेले होते. सगळं पुसून नव्याने टाकू, एवढंच ते म्हणाले, तर चहा अर्धा असतानाच काकांनी त्यांना दार दाखवलं. "पुसायचं नाही! त्यातलं एक अक्षर पुसायचं नाही!"

मी बसून सगळं नीट पाहिलं. भानगड साधी होती.

"काका, या कॉम्प्युटरवर दोन खाती आहेत. विमानाचा फोल्डर दुसऱ्या खात्याच्या मालकीचा आहे. तुम्ही इथे पाहुणे. पाहुण्याला बघता येतं, लिहिता येत नाही."

"मी माझ्या घरात पाहुणा? कोण म्हणतो?"

"हे म्हणतात," मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "मालकाच्या खात्यातून आत गेलं की तुम्हाला लिहायची मुभा देता येईल. मिनिटाचं काम आहे. मालक आहे... अनुराधा."

काका खिडकीतून खालच्या रिक्षा बघायला लागले.

"पासवर्ड फोडा."

"दुसऱ्याचा पासवर्ड मी फोडत नाही. त्यांना विचारा ना."

"विचारणार नाही. मी कोणाच्या मेहेरबानीवर उडत नाही. रोज नागपूर तर नागपूर!"

काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. अनू त्यांची एकुलती एक. बँकेची परीक्षा पास झाली, नेमणुकीचं पत्र आलं, आणि पोरगी म्हणाली, मी विमान शिकायला जाणार. काका म्हणाले, गेलीस तर मला फोन करायचा नाही. "तीही दिघेच! नाही केला," काकू म्हणाल्या. "आता धुळ्याला पोरांना विमान शिकवते. रोज माझ्याशी बोलते. हे समोर पेपर धरून बसतात. फोन संपेपर्यंत पान उलटत नाहीत. आणि कॉम्प्युटर तिचाच. ती गेल्यावर, बघू तरी एवढं काय आहे त्यात, म्हणून हे बसले, ते उठलेच नाहीत."

त्यानंतर पंधरवडाभर खालून आरडाओरडा ऐकू आला नाही. मग एका रविवारी सकाळी काका स्वतः जिना चढून आले. "जरा खाली येता? टाइप करायला."

त्यांनी काकूंचा फोन घेतला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. जणू हातात धरला तर भाजेल.

"हं, बोल आई."

"मी बोलतोय."

पलीकडून घाबरा आवाज, "बाबा? आईला काय झालं?"

"तिला काय होतंय! इथे माझ्या उरावर बसलीय." काका खाकरले. "ते तुझं मशीन. मला लिहू देत नाही. विमान साठवायचं असतं."

"तुम्ही विमान चालवता?"

"का? चालवू नये?"

"कुठून कुठे?"

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "दमदमहून धुळ्याला! रोज!"

मला वाटलं, फोन तुटला. मग अनूने हळूहळू, एकेक अक्षर सांगत पासवर्ड दिला. मी आत गेले, काकांच्या नावापुढे खूण केली, झालं. काकांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते फोनकडे वाकले होते.

"उतरताना वेग किती ठेवता, बाबा?"

"पोचलोच नाही अजून. नागपूरपर्यंत येतो."

"इथली धावपट्टी सोपी आहे. फक्त दुपारी वारं आडवं असतं. सकाळी या."

"बरं," काका म्हणाले.

काकू कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. लग्नानंतर हा शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला.

फोन संपला. मी म्हटलं, "काका, आता नागपूरला साठवता येईल. बघायचं का करून?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हावड्याहून निघून सकाळी भुसावळला पोचणारी गाडी कुठली हो?"