कालिनाच्या वाटेवरचं पाणी

ल्युबेन मुलीची बॅग आणि चादरीत गुंडाळलेली कसरतीची मोठी रिंग घेऊन पाचव्या मजल्यावरून खाली निघाला, आणि चौथ्यावर स्टांकामावशीने त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं.

"मावशी, मी आहे," ल्युबेन म्हणाला.

"अरे, तू कशाला आलास पुढे? जिन्यात दिवा नाही, मला वाटलं कालिना."

आमच्याकडे बल्गेरियात कुणी परीक्षेला, मुलाखतीला निघालं की त्याच्या वाटेवर पाणी ओततात. काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. एरवी पेलाभर पुरतं. पण कालिना रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाच्या निवडीला सोफियाला निघाली होती, आणि पेर्निकच्या त्या इमारतीतून आजवर कोळशाच्या खाणीखेरीज कुठेही कुणाची निवड झालेली नव्हती. त्यामुळे मजल्यामजल्यावर लोक तयारीत उभे होते. मावशीने "आली" म्हणून ओततानाच हाळी दिली होती, त्याबरोबर खालचे सगळे दरवाजे उघडले आणि अंधारात पाणी खळखळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मेतोदीआजोबांनी तर बादलीच रिकामी केली. नातवाच्या वेळी त्यांनी पेल्यावर भागवलं होतं आणि नातू नापास झाला होता.

सामान गाडीत ठेवून ल्युबेन ओल्या बुटांनी, रिकाम्या हातांनी वर आला, तेव्हा जिन्यात पुन्हा पाणी ओतायचं की नाही यावर वाद चालू होता.

"पाणी वाया जात नसतं," मेतोदीआजोबांनी निकाल दिला. "पोरगी त्यावरून चालत गेली की झालं."

फेब्रुवारी महिना, बाहेर उणे अकरा, आणि इमारतीच्या दाराची काच नववर्षाच्या फटाक्यांत फुटलेली. तरी पोरगी पाच मिनिटांत उतरली असती तर काही बिघडलं नसतं. पण नेमका तेव्हाच तिच्या प्रशिक्षक हारिझानोवाबाईंचा फोन आला.

"वजन?" बाईंनी विचारलं. नमस्कार-चमत्कारांत वेळ घालवणं त्यांना माहीत नव्हतं.

"बेचाळीस किलो तीनशे."

"बेचाळीस ठरलं होतं. काय खाल्लं तिने?"

"काल दुपारी अर्धं सफरचंद."

"उरलेलं अर्धं कुणी खाल्लं, ते विचारा. तीन स्वेटर घालून दोरीवरच्या उड्या मारायला लावा. तीनशे ग्रॅम उतरल्याशिवाय निघायचं नाही."

पंधरा वर्षांची कालिना चाळीस मिनिटं उड्या मारत होती. डावा पाय ती जपून टेकत होती. ल्युबेनला ते दिसलं, पण दिसलेलं विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. आई इटलीत कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईचं करत होती, आणि रविवारी फोनवर तीही आधी वजनच विचारायची. बाईंच्या मते सोळाव्या वर्षी संघात येणारी मुलगी म्हणजे म्हातारी. तेव्हा आज निवड झाली तर झाली, नाहीतर नऊ वर्षांची मेहनत मातीत.

उजाडता उजाडता कालिना निघाली. दारादारांतून लोक "पाण्यावर पाय ठेव, पोरी" म्हणून सांगत होते. पण पाणी आता कुठे होतं? चार मजल्यांचं पुण्य वाहत वाहत तळाच्या सात पायऱ्यांवर जाऊन गोठलं होतं. ल्युबेन वर कुलूप लावत होता, तेव्हा त्याला खालून आवाज ऐकू आला. किंकाळी नव्हती, नुसताच आपटल्याचा आवाज. पडल्यावर ओरडायचं नाही, हे बाईंनी सहाव्या वर्षीच शिकवलं होतं.

इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

"आजचं काही विशेष नाही, घोटा मुरगळलाय," ते म्हणाले. "पण पावलाच्या या हाडाची चीर जुनी आहे. केव्हापासून दुखतंय?"

"ऑगस्टपासून," कालिना म्हणाली.

"ऑगस्ट? सांगितलं का नाहीस?" ल्युबेनने विचारलं.

"बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, पट्टी बांध, निवड झाल्यावर बघू."

तेवढ्यात बाईंचाच फोन आला. निवड समिती चार वाजेपर्यंत बसणार होती. मुलगी उभी राहू शकते का, एवढंच त्यांना हवं होतं. ल्युबेन डॉक्टरांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "दुखणं थांबायची एखादी सुई देता आली तर? दीड मिनिटाचाच खेळ असतो हो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आज तिने त्या पायावर उडी मारली, तर पुढे जन्मभर लंगडत चालेल. तुम्ही बाप ना तिचे?"

ल्युबेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सवय वाईट. खाटेपाशी येऊन तो म्हणालाच, "चार वाजायला वेळ आहे, बाळा. तू म्हणत असशील तर..."

कालिना छताकडे बघत होती. "बाबा, मला बर्फ दिसला होता."

"अंधारात कसा दिसेल?"

"उजाडलं होतं. सगळ्या पायऱ्या चकाकत होत्या. कठडाही हाताशी होता. मी धरला नाही."

ल्युबेन खाटेच्या कडेवर बसला. त्याने तिचा हात हातात घेतला. एवढा हलका हात इतकी वर्षं आपण कसा पाहिला नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली. मग तो म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. बाईंना नाही, आईला नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये निम्मी इमारत जमली होती आणि भांडण रंगात आलं होतं.

"माझं तांब्याभर होतं, तेही कोमट," स्टांकामावशी म्हणत होती. "बादलीवाले कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"माझं पाणी दुसऱ्या मजल्यावर पडलं," मेतोदीआजोबा कापऱ्या आवाजात म्हणाले. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. "ते काय वळणं घेत तळापर्यंत गेलं?"

"पाणी वर जातं का, आजोबा? पोरीचं आयुष्य घालवलंत तुम्ही," मावशी म्हणाली.

ल्युबेन दार ओढून घेऊन बाहेर आला. "तळाच्या पायऱ्यांवरचं पाणी माझं होतं," तो म्हणाला. "सामान ठेवून परत येताना मीच ओतलं."

सगळे त्याच्याकडे वळले. मग मेतोदीआजोबांनी विचारलं, "किती?"

"बादलीभर."

"उणे अकरात बादलीभर?" आजोबांच्या जिवात जीव आला. त्यांनी डोळे पुसले. "कसला बाप आहेस तू?"

"सख्ख्या बापाने घात केला पोरीचा," मावशी म्हणाली, आणि मग प्रत्येकाने त्याला आपापल्या परीने झापलं. ल्युबेन भिंतीला टेकून सगळं ऐकत राहिला. खिशात बाईंचा फोन वाजत होता, तो त्याने उचलला नाही.